गिटची सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करताना: अपडेटच्या आधी आणि अपडेटनंतर

गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात गंभीर त्रुटी सापडली, लगेच अपडेट करा, अशी सूचना आली की बहुतेक जण एक कमांड चालवतात, आवृत्तीचा आकडा वाढलेला बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. पण एकाच संगणकावर गिटच्या तीन-चार प्रती असणं अगदी नेहमीचं आहे. त्यातली एक अद्ययावत होते आणि बाकीच्या जुन्या त्रुटीसकट चालत राहतात. म्हणून या लेखात अपडेटच्या कमांडला जागा थोडी दिली आहे. आपल्या हाताखाली नेमकी कोणती प्रत चालते आणि तिच्यात दुरुस्ती खरोखर पोहोचली का, हे शोधण्यावर भर आहे.

उदाहरणासाठी एक खरी त्रुटी घेऊ: सीव्हीई-२०२५-४८३८४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेला क्रमांक). तिची दुरुस्ती ८ जुलै २०२५ रोजी आली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत तिचा समावेश केला. पुढची त्रुटी वेगळी असेल, पण कामाची पद्धत हीच राहील.

लेखातल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या.

आधी त्रुटी समजून घ्या

हा भाग गाळून थेट कमांडकडे जाऊ नका. त्रुटी कशी चालते हे कळलं की काय थांबवायचं आणि काय तपासायचं हे आपोआप कळतं.

गिटच्या रेपोमध्ये, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये, दुसरा रेपो गुंफता येतो, त्याला सबमॉड्यूल म्हणतात. कोणता सबमॉड्यूल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचा हे '.गिटमॉड्यूल्स' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही फाइल रेपोचाच भाग असते, म्हणजे ती रेपोच्या मालकाने लिहिलेली असते. मालकाचा हेतू वाईट असेल, तर तिच्यात काहीही असू शकतं.

दुसरी गोष्ट हुकची. हुक म्हणजे गिटने ठरावीक क्षणी स्वतःहून चालवायची स्क्रिप्ट. उदाहरणार्थ, फाइली चेकआउट झाल्या, म्हणजे रेपोतून कामाच्या फोल्डरमध्ये उतरल्या, की 'पोस्ट-चेकआउट' नावाचा हुक चालतो. हुक रेपोसोबत कधीच येत नाहीत, ते आपल्या संगणकावरच्या '.गिट' फोल्डरमध्ये आपण स्वतः ठेवायचे असतात. अनोळखी रेपो क्लोन करणं, म्हणजे त्याची प्रत आपल्या संगणकावर उतरवणं, सुरक्षित मानलं जातं ते या नियमाच्या भरवशावर.

या त्रुटीने तोच नियम मोडला. मजकुराच्या फाइलींत ओळ संपल्याची खूण म्हणून कधीकधी कॅरेज रिटर्न नावाचं न दिसणारं चिन्ह येतं. गिट आपली कॉन्फिग फाइल वाचताना ओळीच्या शेवटचं हे चिन्ह काढून टाकतं, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मूल्याच्या शेवटी मुळातच हे चिन्ह आहे, ते मूल्य कॉन्फिगमध्ये लिहिताना गिट त्याला अवतरणचिन्हांत घालत नव्हतं. परिणामी लिहिलं एक आणि परत वाचलं दुसरंच. हल्लेखोर सबमॉड्यूलच्या मार्गाच्या शेवटी हे चिन्ह ठेवतो. पहिल्यांदा गिट तो मार्ग चिन्हासकट वाचतं आणि दुसऱ्यांदा चिन्हाशिवाय. चिन्हाशिवायच्या नावाची एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे वळवणारी फाइल) हल्लेखोराने रेपोमध्ये आधीच पेरलेली असते, आणि ती सिमलिंक सबमॉड्यूलच्या हुक फोल्डरकडे वळवलेली असते. सबमॉड्यूलच्या फाइली थेट हुक फोल्डरमध्ये जाऊन पडतात, त्यांत 'पोस्ट-चेकआउट' नावाची स्क्रिप्ट असते आणि चेकआउट संपताच गिट ती चालवतं. तुम्ही फक्त क्लोन केलेलं असतं.

ही त्रुटी लिनक्स आणि मॅकवर लागू होते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात असं नियंत्रण-चिन्ह चालत नाही, त्यामुळे तिथे हा मार्ग बंद आहे. तरी विंडोजवाल्यांनी लेख इथे सोडू नये. तिची दुरुस्ती आली त्याच दिवशी एकूण सात त्रुटींच्या दुरुस्त्या आल्या आणि त्यांतल्या काही विंडोजवरच्याच होत्या. त्यांपैकी एक विंडोजच्या पासवर्ड-साठ्याशी जोडणाऱ्या घटकात होती.

सबमॉड्यूलचा हा कोपरा वारंवार दुखरा ठरला आहे. मे २०१८ मध्ये सबमॉड्यूलच्या नावातून, ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच्या पत्त्यातून, मे २०२४ मध्ये सिमलिंक आणि लहान-मोठ्या अक्षरांच्या घोळातून अशाच प्रकारे कोड चालवता येत होता. म्हणून पुढची पहिली पायरी या एका त्रुटीपुरती समजू नका.

पायरी १: दुरुस्ती होईपर्यंत काय थांबवायचं

'गिट क्लोन --रिकर्स-सबमॉड्यूल्स' ही कमांड अनोळखी रेपोवर चालवणं आत्ताच थांबवा. '--रिकर्सिव्ह' हा त्याच पर्यायाचा जुना अवतार आहे. अनेक प्रकल्पांच्या माहितीपत्रकात हीच ओळ चिकटवायला दिलेली असते आणि नवखे लोक ती तशीच उचलतात. गिटहब डेस्कटॉपसारखं साधन तर क्लोन करताना तुम्हाला न विचारता सबमॉड्यूल आणतं.

त्याऐवजी साधं क्लोन करा. मग रेपोच्या फोल्डरमध्ये 'कॅट -व्ही .गिटमॉड्यूल्स' चालवा. '-व्ही' दिल्यामुळे न दिसणारी चिन्हं दिसू लागतात, आणि कॅरेज रिटर्न '^एम' असा दिसतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी '^एम' असेल तर फाइल बहुधा विंडोजवर लिहिली गेली आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र मार्गाची ओळ अवतरणचिन्हांत असेल आणि '^एम' त्या अवतरणचिन्हांच्या आत असेल, तर पुढे एक पाऊलही टाकू नका. तसं चिन्ह तिथे असण्याला प्रामाणिक कारण सापडणं कठीण आहे.

रेपोतल्या सिमलिंक बघायच्या असतील तर 'गिट एलएस-फाइल्स -एस' चालवा आणि १२०००० ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. सिमलिंकला गिट हाच क्रमांक देतं, सबमॉड्यूलला १६००००. एखादी सिमलिंक '.गिट' फोल्डरच्या आत बोट दाखवत असेल तर तो रेपो पुसून टाका.

सगळं ठीक दिसलं तरच 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट' चालवा. ही दोन मिनिटांची सवय दुरुस्ती झाल्यानंतरही ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

अपडेट आज शक्यच नसेल, म्हणजे संगणक कंपनीचा आहे आणि परवानगी मिळायची आहे, तर 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.सिमलिंक्स फॉल्स' करून तात्पुरतं संरक्षण घेता येतं. गिट मग सिमलिंक तयारच करत नाही, आणि हा हल्ला सिमलिंकशिवाय चालत नाही. ज्या प्रकल्पांना सिमलिंक खरंच लागतात ते यामुळे अडखळतील, म्हणून अपडेटनंतर हे सेटिंग '--अनसेट' ने काढायला विसरू नका.

पायरी २: गिटच्या सगळ्या प्रती शोधा

'गिट --व्हर्जन' ही कमांड फक्त एकाच प्रतीबद्दल सांगते: टर्मिनलला सर्वांत आधी सापडलेल्या. सगळ्या बघायच्या तर लिनक्स आणि मॅकवर 'टाइप -ए गिट' चालवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'व्हेअर.ईएक्सई गिट' लिहा. तिथे नुसतं 'व्हेअर' लिहिलं तर भलतीच कमांड चालते.

मॅकवर बहुधा दोन मार्ग दिसतील. '/यूएसआर/बिन/गिट' हे ॲपलचं, एक्सकोड किंवा कमांड लाइन टूल्ससोबत येणारं. '/ऑप्ट/होमब्रू/बिन/गिट' हे होमब्रूचं, जुन्या इंटेल मॅकवर '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये. होमब्रूने अपडेट केल्यावर ॲपलची प्रत जशीच्या तशी राहते. आणि डॉकवरून उघडलेली काही ॲप्स तुमच्या शेलमधला मार्गांचा क्रम वाचतच नाहीत, त्यामुळे टर्मिनलमध्ये नवी प्रत आणि ॲपमध्ये जुनी अशी स्थिती सहज होते.

यांशिवाय लपलेल्या प्रती असतात, त्या 'टाइप -ए' ला सापडत नाहीत. गिटहब डेस्कटॉप स्वतःची प्रत आत बाळगतं. सोर्सट्रीमध्ये अंगभूत गिट वापरण्याचा पर्याय असतो. व्हिज्युअल स्टुडिओसोबत छोटं गिट येतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) असेल तर त्यातल्या लिनक्सचं गिट पूर्ण वेगळं, विंडोजच्या अपडेटने त्याला काहीही होत नाही, आणि ते लिनक्सचं असल्यामुळे ही त्रुटी त्याला लागू होते. कोंडाचं एन्व्हायर्नमेंट वापरत असाल तर त्यातही गिट बसवलेलं असू शकतं. फ्लॅटपॅकमधून घेतलेले एडिटर आपल्या कुंपणातलंच गिट वापरू शकतात.

एडिटर कोणतं गिट वापरतो ते त्यालाच विचारा. व्हीएस कोडमध्ये आउटपुट पॅनेल उघडून 'गिट' निवडा, वरच्या ओळींत आवृत्ती आणि पूर्ण मार्ग छापलेला असतो. जेटब्रेन्सच्या साधनांत सेटिंग्जमधल्या व्हर्जन कंट्रोलखाली गिटचा मार्ग दिसतो, शेजारी 'टेस्ट' बटण असतं.

सापडलेल्या प्रत्येक प्रतीचा मार्ग कुठेतरी लिहून ठेवा. पायरी ६ मध्ये ही यादी लागेल.

पायरी ३: आवृत्तीचा आकडा कसा वाचायचा

ही दुरुस्ती एकाच वेळी आठ आवृत्त्यांत आली: २.४३.७, २.४४.४, २.४५.४, २.४६.४, २.४७.३, २.४८.२, २.४९.१ आणि २.५०.१. नीट बघा: २.४३.७ मध्ये दुरुस्ती आहे, पण तिच्यापेक्षा नव्या दिसणाऱ्या २.५०.० मध्ये नाही. म्हणून 'माझा आकडा मोठा आहे' हा निकष चुकीचा. पहिल्या दोन भागांवरून आपली शाखा ओळखायची आणि त्या शाखेत शेवटचा भाग पुरेसा आहे का ते बघायचं.

लिनक्सच्या दीर्घकालीन आवृत्त्यांत गुंता आणखी वाढतो. उबुंटू २२.०४ मध्ये गिटची २.३४.१ आवृत्ती आहे, २४.०४ मध्ये २.४३.०. वरच्या यादीप्रमाणे दोन्ही असुरक्षित दिसतात. पण उबुंटू आणि डेबियन अशा वेळी सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत. दुरुस्तीचा तेवढाच कोड जुन्या आवृत्तीत आणून बसवतात, म्हणजे बॅकपोर्ट करतात. गिटचा आकडा तोच राहतो, पॅकेजच्या नावाचं शेपूट तेवढं बदलतं. त्यामुळे अपडेटनंतरही 'गिट --व्हर्जन' जुनाच आकडा दाखवेल आणि तो दिसणं बरोबर आहे. इथे घाबरून इंटरनेटवरून मिळेल ते गिट बसवू नका. त्याने एक जास्तीची प्रत वाढते आणि तिची काळजी पुढे कोणीच घेत नाही.

अशा ठिकाणी पॅकेजच्या बदलांची नोंद वाचावी. उबुंटू-डेबियनवर 'ॲप्ट चेंजलॉग गिट' आणि फेडोरा-रेडहॅटवर 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग गिट' चालवा, आणि त्यात ४८३८४ हा क्रमांक शोधा. मात्र 'ॲप्ट चेंजलॉग' उपलब्ध असलेल्या नव्या पॅकेजची नोंद आणतं. तुमच्याकडे बसवलेलं पॅकेज तेच आहे का हे 'ॲप्ट पॉलिसी गिट' मधल्या 'इन्स्टॉल्ड' आणि 'कँडिडेट' या दोन ओळी जुळतात का, यावरून ठरवा.

पायरी ४: अपडेट

उबुंटू-डेबियन: 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड गिट'. पहिली कमांड फक्त यादी ताजी करते, ती गाळली तर दुसरीला नवं पॅकेज आलंय हे कळतच नाही.

फेडोरा: 'सुडो डीएनएफ अपग्रेड गिट'. आर्च: 'सुडो पॅकमॅन -एसवाययू'. आर्चवर एकटं गिट न बदलता पूर्ण प्रणाली अपडेट करायची असते.

मॅक: 'ब्रू अपडेट', मग 'ब्रू अपग्रेड गिट'. ॲपलच्या प्रतीसाठी सिस्टिम सेटिंग्जमधलं सॉफ्टवेअर अपडेट, किंवा टर्मिनलमध्ये 'सॉफ्टवेअरअपडेट --लिस्ट'.

विंडोज: 'गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज' किंवा 'विंगेट अपग्रेड --आयडी गिट.गिट'.

ज्या ॲप्सच्या पोटात गिट आहे, त्यांचं गिट वेगळं बदलायला जाऊ नका. ते ॲपच अपडेट करा.

झालं की उघडी टर्मिनलं आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडा. बॅश आधी सापडलेला मार्ग लक्षात ठेवतो, त्यामुळे जुन्या खिडकीत जुनीच प्रत चालू शकते. खिडकी बंद करायची नसेल तर 'हॅश -आर' पुरतं.

पायरी ५: कंटेनर आणि सीआय

स्वतःचा संगणक दुरुस्त करून लोक थांबतात. पण सीआयचं यंत्र, म्हणजे कोडची बांधणी आणि चाचण्या आपोआप चालवणारा संगणक, दिवसभर क्लोनच करत असतं, आणि त्याच्याकडे बहुतेकदा प्रकाशनाच्या किल्ल्या, टोकन आणि सर्व्हरचे पासवर्डही असतात. हल्लेखोराला तुमच्या लॅपटॉपपेक्षा ते जास्त हवं असतं.

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यांत प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात, फसगत होण्याची जागा ठरलेली आहे. डॉकरफाइलमध्ये गिट बसवण्याची ओळ असते, तुम्ही पुन्हा बिल्ड करता, बिल्ड काही सेकंदांत संपतो आणि वाटतं की नवं गिट आलं. प्रत्यक्षात ती ओळ बदललेली नसते, म्हणून डॉकर साठवून ठेवलेला जुना थर तसाच वापरतो. 'डॉकर बिल्ड --पुल --नो-कॅश' असं चालवा. '--पुल' मुळे मूळ इमेज (कंटेनरचा साचा) ताजी येते, '--नो-कॅश' मुळे सगळ्या ओळी खरोखर पुन्हा चालतात. मग तयार इमेजच्या आत शिरून आवृत्ती बघा. त्यानंतर जुन्या इमेजवर चालू असलेले कंटेनर बंद करून नव्या इमेजवरून सुरू करा, कारण इमेज बदलली म्हणून चालू कंटेनर बदलत नाही.

सीआय सेवेने दिलेली यंत्रं तीच सेवा अपडेट करते. तुमच्या संस्थेने स्वतः उभारलेले रनर, म्हणजे सीआयची कामं चालवणारी यंत्रं, मात्र तुमचेच. सीआयच्या फाइलींत सबमॉड्यूल आणण्याचा पर्याय चालू असेल आणि त्या कामाला सबमॉड्यूल लागतच नसतील, तर तो या निमित्ताने बंद करा. बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्टवर (आपला कोड सामील करून घेण्याच्या विनंतीवर) चालणाऱ्या कामांना तर हे आधी लावा.

पायरी ६: वागणूक तपासा

आता यादीतल्या प्रत्येक प्रतीची परीक्षा घ्या. आवृत्तीच्या आकड्यावर विसंबायची गरज नाही, कारण ही त्रुटी कोणताही धोका न पत्करता प्रत्यक्ष पडताळता येते. दुरुस्तीनंतर गिट कॅरेज रिटर्न असलेलं मूल्य अवतरणचिन्हांत लिहितं, दुरुस्तीपूर्वी लिहीत नव्हतं. तेवढंच बघायचं.

एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये, बॅश किंवा झेडशेलमध्ये, हे चालवा:

गिट कॉन्फिग -एफ चाचणी.टीएक्सटी टेस्ट.व्ही $'एबीसी\आर'

मग:

कॅट -व्ही चाचणी.टीएक्सटी

'व्ही = "एबीसी^एम"' असं अवतरणचिन्हांसकट दिसलं तर या प्रतीत दुरुस्ती आहे. अवतरणचिन्हांशिवाय नुसतं 'एबीसी^एम' दिसलं तर नाही. फाइल पुसा आणि पुढच्या प्रतीसाठी हेच करा, फक्त सुरुवातीला 'गिट' ऐवजी त्या प्रतीचा पूर्ण मार्ग लिहा. बॅकपोर्ट केलेल्या पॅकेजवर आणि कंटेनरच्या आतही ही चाचणी तशीच चालते. त्या चाचणीच्या फाइलीत लिहिण्यापलीकडे ती काही करत नाही.

अपडेटनंतर जुनं काम अडलं तर

खूप जुन्या गिटवरून आला असाल तर दोन संदेश हमखास भेटतात. एक म्हणतो की रेपोची मालकी संशयास्पद आहे. एप्रिल २०२२ मध्ये, २.३५.२ पासून, दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरमधला रेपो गिट मुकाट्याने उघडत नाही. सामायिक संगणकावर दुसऱ्या कोणी वरच्या फोल्डरमध्ये '.गिट' ठेवून तुमच्या नावाने कमांड चालवू नयेत, यासाठी हे केलं आहे. उपाय म्हणून त्या एकाच रेपोचा मार्ग 'सेफ.डिरेक्टरी' मध्ये घाला. त्यात तारांकन घालून सगळंच मोकळं करण्याचा सल्ला जागोजागी दिसतो. तो मानू नका, त्याने हे संरक्षण पूर्णपणे बंद होतं.

दुसरा संदेश म्हणतो की 'फाइल' वाहतुकीला परवानगी नाही. ऑक्टोबर २०२२ च्या २.३८.१ पासून सबमॉड्यूल स्थानिक फोल्डरमधून आणायला गिट नकार देतं. चाचणीसाठी खरंच हवं असेल तर त्या एका कमांडपुरतं '-सी प्रोटोकॉल.फाइल.अलाउ=ऑलवेज' द्या, ग्लोबल सेटिंगमध्ये लिहू नका.

आधी क्लोन केलेल्या रेपोंचं काय?

अपडेट पुढचा हल्ला रोखतं. आधी काही चाललं असेल तर ते अपडेटने कळत नाही. ज्या अनोळखी रेपोंचे सबमॉड्यूल तुम्ही आणले होते, त्यांच्या '.गिट/मॉड्यूल्स' खालच्या प्रत्येक 'हुक्स' फोल्डरमध्ये डोकवा. '.सॅम्पल' ने संपणाऱ्या फाइली गिटने स्वतः ठेवलेले नमुने आहेत, त्या चालत नाहीत. त्यांच्याव्यतिरिक्त तुम्ही न ठेवलेली फाइल, विशेषतः 'पोस्ट-चेकआउट', दिसली तर ती उघडून वाचा, चालवू नका.

तसं काही सापडलं तर आधी नेटवर्क तोडा आणि फाइल पुरावा म्हणून जपा. मग दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून तुमच्या कोड होस्टिंग खात्यातली टोकन आणि एसएसएच किल्ल्या रद्द करा. क्रम महत्त्वाचा आहे, बाधित संगणकावर बसून तयार केलेली नवी किल्लीही चोरीला जाऊ शकते. होम फोल्डरमधल्या '.गिट-क्रेडेन्शियल्स' या फाइलीत पासवर्ड उघड्या मजकुरात असतात, ती असेल तर त्यातलं प्रत्येक खातं यादीत घ्या. त्यानंतर '.बॅशआरसी', '.झेडएसएचआरसी' आणि 'क्रॉनटॅब -एल' मध्ये अनोळखी ओळी शोधा. कामाचा संगणक असेल तर यातलं काहीही स्वच्छ करायला घेण्याआधी तुमच्या सुरक्षा विभागाला कळवा, म्हणजे त्यांना यंत्र जसंच्या तसं तपासता येईल.